पातळ झालेला घाटा

रेवा, अनय —

आज हे लिहायला बसेपर्यंत ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबाला नाही. देवापुढं रोज बसते, तिथंही नाही — तिथं मी लहानसहान गोष्टींची क्षमा मागत राहिले, ज्यांची मागताना मान खाली घालावी लागत नाही.

रेवा, तू कॉलेजच्या अर्जासाठी लिहिलेला निबंध मला पाठवलास. छान लिहिला आहेस. त्यात एक वाक्य आहे — आजीनं आयुष्यभर धान्यावर संशोधन केलं आणि एकही निकाल कधी लपवला नाही. ते वाचलं, फोन उपडा ठेवला आणि मेथी निवडायला घेतली. थोड्या वेळानं पाहिलं तर पानं कचऱ्यात आणि काड्या परातीत. इतका राग आला होता. तुझ्यावर नाही गं. तू ते वाक्य कुठून आणलंस? माझ्याकडूनच ना? मीच तुम्हाला सांगत आले — प्रयोग फसला तर फसला म्हणावं. जेवताना, फोनवर, वाढदिवसाच्या पत्रात. ज्या बाईला हे सांगायचा काडीचा हक्क नव्हता, तिनं.

आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. तुम्हाला सोपं गेलं असतं. दोन परिच्छेद झाले आणि फाडून टाकले. त्या भाषेत मी जन्मभर अहवाल लिहिले, आणि स्वतःला वाक्याबाहेर ठेवायची मला इतकी सवय आहे की त्या दोन परिच्छेदांत 'मी' एकदाही आलेली नव्हती. म्हणून मराठीत लिहिते आहे. अडेल तिथं बाबाला वाचून दाखवायला सांगा. त्यालाही कळू दे.

तर, मका.

मी एका बियाणं कंपनीत होते हे तुम्हाला माहीत आहे. भाकरीचा घास खूप वेळ चावत राहिलं की गोड लागायला लागतो — तुम्ही लहान असताना मी ते करायला लावलं होतं, आणि अनय मध्येच थुंकून मोकळा झाला होता. धान्यातल्या स्टार्चचे तुकडे करून त्याला गोड करणारं एक एन्झाइम आपल्या लाळेत असतं, अमायलेज. मक्यापासून अल्कोहोल करणाऱ्या कारखान्यांनाही हेच करायचं असतं. ते हे एन्झाइम विकत आणून पिठाच्या टाकीत ओततात. आम्ही म्हटलं, ओतायचं कशाला? दाण्याच्या पोटातच घालू. उकळत्या झऱ्यांत राहणाऱ्या एका जंतूचं जनुक आम्ही मक्यात घातलं. कोरड्या दाण्यात एन्झाइम निजलेलं असायचं. दाणा दळला, पाणी घातलं, आचेवर चढवला की जागं व्हायचं, आणि घट्ट पिठाचं बघता बघता पाणी करायचं. उकळीलाही मरायचं नाही. त्यातले थोडे दाणे पोतंभर साध्या मक्यात मिसळले तरी पुरायचे.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. मला ते पाठ होतं. मीच ते साहेबांसमोर पडद्यावर दाखवायची, कौतुकानं.

तो मका विषारी होता असं नाही. तसं म्हणून मी गोष्ट मोठी करणार नाही, आणि नव्हता म्हणून लहानही करणार नाही. त्याला कुणाच्याही स्वयंपाकघरात जायची परवानगी नव्हती. सिल्लोडच्या अलीकडं कंपनीनं भाड्यानं घेतलेल्या रानात चाचणीचा प्लॉट होता — रब्बीत, आसपास कुणाचा मका नसताना. कुंपण, कुलूप, तुऱ्यांना कागदी पिशव्या. काढणी झाली की हवी तेवढी कणसं प्रयोगशाळेत न्यायची आणि उरलेलं सगळं खड्ड्यात टाकून जाळायचं. ती जबाबदारी माझी होती. आणि मी कडक होते. केवढी कडक! काढणीला आलेल्या बायकांना मी कुंपणापाशी उभं करून पदर झाडायला लावायची, ओटी झाडायला लावायची. त्यातली एक म्हातारी हसत म्हणाली होती, "म्याडम, मका पेरलाय का सोनं? माझ्या लुगड्याच्या निऱ्या बी सोडून दावू का?" सगळ्या खिदळल्या. मी नाही हसले. नियम म्हणजे नियम, म्हणाले. तिनं मुकाट्यानं पदर झाडला. त्यातून नुसती माती पडली.

त्याच दिवशी मी तिथली पिशवीभर कणसं माझ्या गाडीच्या डिकीत ठेवली.

माझा पदर कोण झाडणार होतं?

घडलं कसं ते सांगते. प्लॉटला लागून शमीमचं शेत होतं. तिच्या नवऱ्याचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, काम असायचं, शेत तीच बघायची, आणि उन्हाळ्यात घरच्या अंगणात मक्याचे पळीपापड घालायची. पीठ शिजवून घाटा करायचा आणि पळीनं पसरायचा, तसे. तिच्या पापडासारखा पापड मी अजून खाल्लेला नाही. तळला की ताटभर फुलायचा आणि जिभेवर ठेवला की नाहीसा व्हायचा. मी आमच्या कॉलनीतल्या बायकांना खाऊ घातले, आणि मग दर उन्हाळ्यात अख्ख्या कॉलनीचे पापड तीच करायला लागली. ती मला ताई म्हणायची, अहो-जाहो करायची. मी तिला अगं-तुगं. माझ्यापेक्षा ती काही फार लहान नव्हती. हे आज लिहिताना दिसतंय.

आणि ती वानोळा द्यायची. तुम्हाला हा शब्द कुठून माहीत असणार? शेतात नवं काही आलं की त्यातलं थोडं जिव्हाळ्याच्या माणसांच्या घरी द्यायचं, तो वानोळा. स्वतः पिकवलेलंच देतात, विकत आणलेल्याचा वानोळा होत नाही. मी प्लॉटवर गेले की ती बांधावरून हाक मारायची — हुरडा, तुरीच्या शेंगा, भुईमूग, काहीतरी पिशवीत घालायचीच. आणि अशी पिशवी रिकामी परत द्यायची नसते. मी काय देणार? आमच्या घराण्यात आधी पूजा सांगितल्या, मग कारकुनी केली, दाणा कुणी पेरला नाही. मी बिस्किटांचे पुडे घालून पाठवायची. एकदा तिनं पिशवीत डोकावून बघितलं आणि मला म्हणाली, "ताई, ही बिस्किटं तुमच्या रानात पिकतात व्हय?"

थट्टाच केली तिनं. प्रेमानं केली. पण मला लागली.

काढणीच्या दिवशी ती कणसं समोर पडलेली होती — भरलेली, पिवळीजर्द, ओळीनं दाणे. इतक्या वर्षांचं माझं काम. जळून जाणार होतं. मी जन्मात पिकवलेलं पहिलं धान्य, आणि ते कुणी बघणारसुद्धा नव्हतं. मी तिचीच पिशवी भरली, गाडी तिच्या बांधापाशी उभी केली आणि म्हणाले, "हा घे. हा माझ्या रानातला."

तिला इतका आनंद झाला! पिशवी दोन्ही हातांनी घेतली तिनं. कणसं डोळ्यांना लावली.

मी तिला म्हणाले नाही की हे शिजवू नकोस. म्हणाले नाही की इतर धान्यात मिसळू नकोस. का नाही म्हणाले? विसरले? — नाही. म्हणाले असते तर तो वानोळा राहिला नसता, एवढंच. मिरवायचं होतं मला. विज्ञान वगैरे काही नाही, नुसती हौस.

त्या उन्हाळ्यात पापड आले ते वेडेवाकडे. काही चिकटलेले, काही हात लावताच भुगा होणारे. तेलात टाकले की फुलायच्या आधीच तांबडे आणि मग काळे. चव गोडसर. तुमच्या आजोबांनी एक तोंडात टाकला आणि म्हणाले, "पापड आहे की चिक्की?" आम्ही दोघं हसलो. आणि हसता हसता — तेवढ्यातच — मी हातातला पापड खाली ठेवला.

कारण मला कळलं. पापड तेलात पटकन काळा पडतो, कारण त्यात साखर झालेली असते. भुगा होतो, कारण त्याला धरून ठेवणारा स्टार्च उरलेला नसतो. तरी मी आयोडीनची बाटली काढली — स्वयंपाकघराच्या ओट्यावर, भर दुपारी. मागच्या वर्षीचा एक पापड डब्यात उरला होता, तो गरम पाण्यात कालवला आणि थेंब टाकला. निळा-काळा, जसा व्हायला हवा तसा. या वर्षीच्या पापडावर टाकला — तांबूस. निळा झालाच नाही. शाळेतलं पोरही सांगेल असा निकाल. मी वाट्या घासल्या, ओटा पुसला, बाटली जागेवर ठेवली. माझं घर नीटनेटकं असतं म्हणून तुम्ही हसता ना? तो नीटनेटकेपणा मला त्या दिवशी फार उपयोगी पडला.

कॉलनीतल्या बायका भडकल्या होत्या. आमच्या महिला मंडळाच्या लीलाताईंनी शमीमला निरोप धाडला आणि हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. मलाही. मला तर खास — मी तपासणारी बाई ना! शमीम यायच्या आधी काय काय बोलणं चाललं होतं ते मी ऐकलं. "त्या बाईनं काय कालवलंय कोण जाणे." "स्वस्तातलं पीठ घातलं असेल, दुसरं काय." आणि एकजण आवाज खाली करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकाच खाली — "त्यांच्यातलं काय सांगावं बाई, आपण घरात कशाला आणायचं?" ज्या बाईचे पापड इतकी वर्षं कुरुमकुरुम खाल्ले, तिच्याबद्दल! मी मान हलवली नाही. पण तोंडही उघडलं नाही. माझ्या मनात काय आलं सांगू? की बरं झालं. माझ्या खोट्याला यांनी आधीच जागा करून ठेवली आहे.

शमीम आली. सोबत तिची मुलगी नसरीन, शाळेच्या गणवेशातच. शमीमच्या हातात स्टीलचा डबा. तिनं कुणाला काही बोलूच दिलं नाही. डबा उघडला आणि एकेकीच्या पुढं धरत गेली. "वास घ्या. ह्येच पीठ हाय. ताजं दळलेलं. माझा घाटा असा कधी फाटला नव्हता बायांनो, पळी उभी ऱ्हायची त्यात. ह्या टायमाला ढवळू ढवळू हात गेले, पीठ घातलं, अजून घातलं — पाण्यावानी होत गेला. माझं काय चुकलं मला उमगंना. तुम्ही वास तर घ्या."

कुणी घेईना. लीलाताई म्हणाल्या, "आम्हाला काय कळतंय? वसुधाताई सांगतील."

मग तो डबा माझ्यापुढं आला.

मी वाकले. पिठाला ताज्या दळणाचा वास होता — गिरणीतून आणलेलं पीठ गार झाल्यावर येतो तो, थोडासा गोड, उन्हाचा. आजही आठवावा लागत नाही, येतोच. मी मान वर केली. नाक किंचित मुरडलं — होय, तेवढंही केलं मी — आणि म्हणाले,

"कुबट आहे. ओल धरलेला मका दळलाय."

हाच तो कबुलीजबाब. बाकी सगळं याच्या आजूबाजूचं आहे.

शमीमनं डबा स्वतःकडं ओढला. वास घेतला. पुन्हा घेतला. माझ्याकडं बघितलं. "मला तर येत नाय, ताई." तिनं नसरीनपुढं धरला, पोर गोंधळून नुसती बघत राहिली. मग शमीमनं झाकण लावलं आणि म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या. तुम्ही म्हणता तर असंल."

तिनं भांडायला हवं होतं. ओरडायला हवं होतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

पुढचं त्याहून वाईट आहे. ती निघाली तेव्हा मी तिच्या मागोमाग बाहेर गेले. समजूत घालायला जातेय असं सगळ्यांना वाटलं असेल, तिलाही वाटलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "शमीम, मी दिलेली ती कणसं — त्यातलं बी ठेवलं नाहीस ना पेरायला?" बघा, मला काय हवं होतं. ते बी कुणाच्या रानात उगवलं असतं तर मी सापडले असते.

"नाय ओ ताई," ती म्हणाली. डोळे भरलेले. "समदं ह्याच पिठात घातलं. म्हटलं, ताईंचा वानोळा हाय, ताईंच्या शेजारणींच्या बी तोंडी लागू दे. मी त्यातला दाणा घरात ठिवला नाय."

मला हायसं वाटलं.

लिहिलं ते. आता तुम्हाला माहीत आहे की तुमच्या आजीला, एका बाईचं सगळं उद्ध्वस्त करून वर तिच्या खांद्यावर हात ठेवलेला असताना, हायसं वाटलं होतं.

का केलं? निवृत्ती जवळ आली होती, चाचणी बंद पडली असती, कंपनीवर खटला झाला असता, माझं नाव — इतकी वर्षं ही उत्तरं मी बरण्यांसारखी लावून ठेवली आहेत. एकही उघडणार नाही. खरं एवढंच की मला भीती वाटली, आणि समोर अशी बाई होती जिच्यावर ढकललं तर कुणाला नवल वाटणार नव्हतं. ती शेजारच्या बंगल्यातली कुणी असती तर मी 'कुबट' म्हणाले असते का? सांगा ना. मला उत्तर माहीत आहे.

कॉलनीनं पापड थांबवले. कॉलनीतल्या एकीचं माहेर सिल्लोडचं, तिच्या तोंडून गोष्ट गावातही गेली. शमीमनं घरातला सगळा मका ढोरांपुढं ओतला. पुढच्या उन्हाळ्यात तिनं पुन्हा घाटा घातला म्हणे, आणि चांगला झाला असणार, का नाही होणार? पण तिचाच स्वतःवर भरवसा उरला नव्हता. दळण आणलं की वास घ्यायची, परत घ्यायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारायची, कुबट येतंय का? जी बाई विचारते तिच्याकडून कोण घेतं? शेवटी ती जिनिंगमध्ये कापसाच्या कामाला गेली. त्या धुळीत. हे मला तिनंच सांगितलं — तक्रार म्हणून नाही, खुशाली म्हणून. कारण त्यानंतरही दोन हंगाम ती मला भुईमुगाच्या शेंगा पाठवत राहिली. मी त्या उकडल्या. खाल्ल्या. आणि पिशवीतून बिस्किटं धाडली.

तो मका बाजारात आलाच नाही. कंपनीला दुसरं काही फायद्याचं वाटलं, आमचा विभाग बंद झाला, निरोपसमारंभात मला चांदीचं कणीस दिलं. पूर्वी शोकेसमध्ये होतं ते. तुम्ही त्याच्याशी खेळायचात.

—

इथपर्यंत लिहून थांबले होते. असंच पाठवणार होते. मग वाटलं, हे काय चाललंय? जिचं आहे तिला सोडून मी साता समुद्रांपलीकडच्या पोरांना सांगतेय — तिथून कुणी माझ्या तोंडावर काही म्हणू शकणार नाही म्हणून? ही पुन्हा तीच चलाखी. माझ्यावरच असा संताप आला की चप्पल घातली आणि निघाले.

शमीम आता मुकुंदवाडीला नसरीनकडं असते, स्टेशनजवळ. पत्ता माझ्याकडं होता. कायमच होता. ती खाटेवर बसून लसूण सोलत होती. खोकत होती. मला बघून उठायला लागली, "या अल्ला, ताई! नसरीन, खुर्ची दे ताईंना." मी बसले नाही. बसले असते तर चहा आला असता, चहा आला असता तर मी हवापाण्याचं बोलले असते, मला मी ठाऊक आहे. उभ्यानंच सांगितलं. दाण्यात काय होतं, मी ते जाळायचं असून दिलं कसं, घाटा का फाटला, हॉलमध्ये मी काय केलं. सगळं.

तिनं लसणाची पाकळी खाली ठेवली.

"कुबट नव्हतं?"

"नव्हतं."

"तुम्हाला तवाच ठावं व्हतं?"

"हो."

मग ती माझ्याकडं न बघता, दाराकडं बघत बोलली. दारात नसरीन उभी होती. "हिला मी मारलं व्हतं त्या दिशी. घरी गेल्यावर. म्हटलं, हिनंच मक्याच्या कोठीचं झाकण उघडं टाकलं असंल, वल गेली असंल. लाटण्यानं मारलं, ताई. पोरगी सांगत व्हती, अम्मी मी नाय, मी नाय. मी म्हटलं, ताई झूट बोलत्यात व्हय?"

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी माझ्या पापाचा हिशेब मनातल्या मनात करत आले आणि हे त्यात नव्हतंच. नसरीन आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला.

मी तोंड उघडलं. माफीचा शब्द येणार होता, शमीमनं येऊ दिला नाही. "आता मला काय सांगाया आल्या? माझ्या पिठाचं मला सांगता व्हय? ज्यांना सांगितलं व्हतं त्यांना सांगा. त्याच जागी. मी येऊन बसते. ऐकते."

म्हणून मी कॉलनीच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. सगळ्या म्हणजे उरलेल्या. काही गेल्या, काही मुलांकडं पुण्याला. लीलाताई कानाला यंत्र लावून आल्या. शमीम आणि नसरीन भिंतीजवळच्या खुर्च्यांवर बसल्या. मी उभी राहिले आणि तुम्हाला जे लिहिलं तेच सांगितलं. आवाज चढला माझा. त्या दिवशी कोण काय बोललं तेही सांगितलं. 'त्यांच्यातलं काय सांगावं' हेसुद्धा, माणसाचं नाव घेऊन. ती समोरच बसलेली होती. मला वाटलं, आता ही उठेल, भांडेल, कुणीतरी रडेल, कुणीतरी माझ्या तोंडावर थुंकेल.

लीलाताईंनी शेजारणीला विचारलं, "कुठले पापड म्हणतेय ही?"

"मक्याचे म्हणतायत. आपण घ्यायचो का हो मक्याचे?"

"मला नाही बाई आठवत. आम्ही तर केव्हापासून पुडेच आणतो."

जिचं नाव घेतलं होतं ती तर हसली. "मी असं म्हणाले होते? मी नसेन हो म्हणाले." आणि मग माझ्याकडं बघून, समजूत घालत, "वसुधाताई, किती लावून घेतलंत मनाला! एवढंसं काय ते. पापडच ना?" कुणीतरी टाळी वाजवायच्या बेतात होतं, खरंच, माझ्या प्रामाणिकपणाला. लीलाताई शमीमला विचारत होत्या, चहा साखरेचा चालतो ना म्हणून.

त्यांना आठवतच नव्हतं. शमीमचं नाव यांनी एका दुपारी काढून घेतलं — मी काढून यांच्या हातात दिलं — आणि यांनी ते कुठं टाकलं हेही यांना ठाऊक नाही. आता परत द्यायचं कुणी? कुणाकडून घ्यायचं? मी तिथं उभी राहून ओरडले, तुम्ही तिचे पापड खात होतात, इतकी वर्षं खात होतात! सगळ्या गप्प झाल्या. म्हाताऱ्या माणसाचं डोकं फिरलं की गप्प होतात तशा.

शमीम उठली. तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"तुमच्या ध्यानात नाय," ती त्यांना म्हणाली. "माझ्या हाय."

नसरीननं तिचा दंड धरला. दोघी पायऱ्या उतरल्या. मी मागोमाग निघाले, रिक्षापर्यंत तरी सोडावं म्हणून. शमीमनं वळूनही न बघता हात मागं केला, तळवा माझ्याकडं, थांबा म्हणून.

मी थांबले. नसरीननं रिक्षाला हात केला, आईला आधी बसवलं, मग स्वतः बसली. रिक्षा मुख्य रस्त्याला लागली. हॉलमध्ये चहाचे कप वाजत होते.

— आजी